ओळ सापडली, जागा गेली

विम या प्रोग्रामरांच्या टेक्स्ट एडिटरमध्ये एका फाईलमधून मागच्या फाईलमध्ये जायला कंट्रोल आणि ६ पुरतं. परत यायलाही तेच. इतकं सोपं असल्यामुळेच माणूस उठसूट जातो. फंक्शनचं नाव लिहून, कंसात काय कुठल्या क्रमाने द्यायचं ते बघायला मी दुसऱ्या फाईलमध्ये डोकावतो आणि परततो. ओळ तीच असते. कर्सर मात्र ओळीच्या पहिल्या अक्षरावर जाऊन उभा, नवीन कारकुनासारखा हात बांधून.

ही खोड नाही म्हणे, सोय आहे! तिचं नाव 'स्टार्टऑफलाइन'. विममध्ये ती मुळातच चालू असते, निओविम या त्याच्या नव्या भावंडात बंद. बंद केली की कर्सर आपल्या रकान्यात, म्हणजे ओळीतल्या आधीच्या जागी, परततो आणि आपण उगाच खूश होतो.

कारण मग लक्ष जातं पडद्याकडे. ती ओळ मी मुद्दाम खिडकीच्या वरच्या टोकाला नेलेली असते, खालची लांबलचक अट एका नजरेत मावावी म्हणून. परतल्यावर ती मधोमध, अट अर्धी गायब. कर्सर कुठे होता हे विमला आठवतं. मी कुठे बघत होतो, हे नाही. डोळे पुन्हा शोधाशोध करतात, आणि तोवर कंसातला क्रम डोक्यातून उडालेला असतो.

खुणा ठेवा, म्हणजे जागेला एका अक्षराचं नाव द्या, असं जाणकार सांगतात. कॅपिटल इंग्रजी अक्षराची खूण एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये नेते, हे खरं. पण त्या अक्षराआधी बॅकटिक (`) दाबलं तर नेमक्या अक्षरावर, ॲपॉस्ट्रॉफी (') दाबली तर नुसत्या ओळीवर! दिसायला सख्ख्या बहिणी. घाईत बोट कुठे पडेल, कोण सांगणार? आणि खूण मिळाली तरी पडदा सरकायचा तो सरकतोच.

खरा इलाज ऑटोकमांडचा, म्हणजे ठरावीक घटनेला विमने आपोआप चालवायच्या आज्ञेचा. बफर, म्हणजे उघडलेली फाईल, सोडताना 'विनसेव्हव्ह्यू' या फंक्शनने दृश्य टिपायचं, परतताना 'विनरिस्टोरव्ह्यू'ने मांडायचं. त्यात कर्सरची ओळ, रकाना आणि पडद्याची वरची ओळ, सगळं येतं. फक्त नोंद कोणाच्या नावे करायची, ते बघावं लागतं. ती फाईलच्या नावे केली आणि तीच फाईल दोन खिडक्यांत उघडी असली, की दुसऱ्या फाईलमधून परतताना खालची खिडकी बिनदिक्कत वरच्या खिडकीची जागा बळकावते. म्हणून नोंद खिडकीच्या नावे, तीही फाईलवार. फरक दाखवणाऱ्या डिफ मोडमध्ये तर हा कारभार बंदच ठेवावा. तिथे दोन्ही खिडक्या आधीच एकमेकींना ओढत असतात.