माननीय, लस सक्तीची कराच

शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस सक्तीची करावी असे तुमच्या मनाने घेतले आहे, अभिनंदन. लस द्यायची नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला, आणि तिने टळणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग संसर्गानंतर डोके वर काढायला पंधरा-वीस वर्षे घेतो. म्हणजे बोंबाबोंब तुमच्या कारकिर्दीत आणि श्रेय तुमच्यानंतरच्या चौथ्या मंत्र्याला. असल्या कामात घाई केलेली बरी.

सर्वांत आधी, विधिमंडळाला विचारू नका. विचारले की चर्चा होते आणि चर्चेत एखाद्या आमदाराला विषय कळण्याचा धोका असतो. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी तो पत्करला नाही. २ फेब्रुवारी २००७ रोजी, शुक्रवार गाठून, त्यांनी स्वतःच्या सहीने हुकूम काढला : सप्टेंबर २००८ पासून सहावीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला लस. लसीला मान्यता मिळून तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते आणि तीन डोसांची किंमत होती ३६० डॉलर. यातला बारकावा मात्र नीट टिपून घ्या. लस बनवणाऱ्या मर्क कंपनीचा लॉबिस्ट, म्हणजे सरकारदरबारी तिची वकिली करणारा, हा तुमचाच माजी चीफ ऑफ स्टाफ असावा, आणि कंपनीची देणगी तुमच्या निवडणूक निधीत आधीच पोहोचलेली असावी. पेरींकडे दोन्हींची सोय होती. पालकांना नकार देण्याची मोकळीकही हुकुमात होती, पण ते कलम वाचतो कोण? लोक देणगीची तारीख वाचत होते. मे महिन्यापर्यंत विधिमंडळाने, त्यात पेरींचाच पक्ष बहुमतात, हुकूम मोडीत काढला. पुढे २०११ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभे राहिले तेव्हा स्वपक्षीयांनीच तो उकरून काढला, आणि आपली चूक झाली असे त्यांना जाहीरपणे म्हणावे लागले.

हुकूम नको, रीतसर कायदाच हवा, असे असेल तर कोलंबिया बघा. तिथे २०१२ मध्ये लसीकरण सुरू झाले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींनी पहिला डोस घेतला. एवढे सुरळीत चालले असताना गप्प बसतील ते सरकार कसले? २०१३ मध्ये कायदा आला : लस मोफत आणि सक्तीची. २०१४ मध्ये एल कार्मेन दे बोलिव्हार या गावात शाळकरी मुलींना चक्कर, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या असे होऊ लागले. शेकडो मुली दवाखान्यात गेल्या आणि त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. तपासात लसीशी संबंध सापडला नाही, हा सामूहिक मानसिक परिणाम आहे असे निघाले. हे वाक्य सरकारी तोंडून आले की आईबापांना ‘तुमच्या पोरी वेड्या आहेत’ एवढेच ऐकू येते. २०१६ पर्यंत पहिला डोस घेणाऱ्या मुली १४ टक्क्यांवर आल्या. २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने संमतीशिवाय ही लस देता येणार नाही असे सांगून सक्तीचा उरलासुरला जीवही काढून घेतला.

तुमच्याकडेही असे हमखास घडावे म्हणून थोडी तयारी लागते. सगळ्या मुलींना उपाशीपोटी एकाच हॉलमध्ये, एकमेकींना सुई दिसेल अशा रांगेत उभे करा. कुठल्याही इंजेक्शननंतर या वयात भोवळ येऊ शकते, म्हणून टोचून झाल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. तुम्ही ‘चला, पुढची’ म्हणा. पहिली कोसळली की तिला सर्वांसमोर उचलून न्या, बाकीचे आपोआप होते.

लस साठवायची २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. उष्णतेची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून फ्रीजरमधून काढलेले आइस पॅक तसेच्या तसे लस नेण्याच्या पेटीत कोंबा. आतले पाणी खळखळेपर्यंत ते बाहेर ठेवायचे असतात, पण आरोग्यसेविकेला तेवढा वेळ कशाला द्या? लस गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि ताकद जाते. वितळल्यावर वरवर पाहून कोणालाच काही कळत नाही. कळते ते कुपी हलवून गाळ किती लवकर बसतो हे पाहिल्यावर. त्या शेक टेस्टचा उल्लेख प्रशिक्षणात टाळा.

विरोधकांनाही रसद पुरवायला हवी. जाहिरातीत ‘कर्करोग’ बारीक टायपात आणि ‘लैंगिक संबंध’ ठळक छापा. मग घरोघरचे काका ‘आमच्या मुलीला गरज नाही’ म्हणायला मोकळे. मुलीच्या भावी नवऱ्याचा पूर्वेतिहास काका विचारणार नाहीत, तुम्हीही विचारू नका. हिपॅटायटिस बीचा विषाणूही शरीरसंबंधातून पसरतो आणि त्याची लस आपण बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत देतो, पण त्या बाळाच्या चारित्र्याची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही. मुलग्यांना लस देण्याचा विषय तर काढूच नका. विषाणू मुलींमध्ये आकाशातून उतरतो, हा समज मोडता कामा नये.

‘गोवर वर्गात पसरतो, हा विषाणू पसरत नाही, मग या लसीवाचून शाळाप्रवेश का अडवायचा?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. म्हणून त्याला उत्तर देऊ नका.

अमेरिकेतल्याच रोड आयलंड राज्याच्या नादी लागू नका. तिथे २०१५ मध्ये आरोग्य खात्याने मुलगे-मुली दोघांनाही सातवीत प्रवेशासाठी ही लस बंधनकारक केली. आंदोलन झाले, पण नियम टिकला. कारण राज्य आधीपासूनच सगळ्या मुलांच्या लसी स्वतः विकत घेऊन डॉक्टरांकडे पोहोचवत होते. आधी पुरवठा आणि मग नियम, असा उलटा क्रम लावला तर तुमच्या भाषणाला उरते काय?

आता संमती. ऑस्ट्रेलियात २००७ पासून फॉर्म घरी जातो, पालकांची सही होऊन येतो, मग नर्स शाळेत येते. सक्ती नाही आणि तरी मुली लस घेतात, हे अपमानास्पद आहे. त्यापेक्षा खम्ममचा कित्ता गिरवा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात २००९ मध्ये याच लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. तिथल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, १,९४८ वर अंगठे. खम्मम आणि याच प्रकल्पातले गुजरातचे बडोदा मिळून सात मुली दगावल्या. सर्पदंश, बुडणे, कीटकनाशक, मलेरिया अशी कारणे निघाली आणि चौकशीत लसीशी संबंध आढळला नाही. पण वॉर्डनच्या सहीचा कागद बापाला दाखवून हे पटवायचे कसे? एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला.

त्याच्याबरोबर दोन डोस पुरेत की तीन हवेत, हे तपासणारी एक वेगळी चाचणीही थांबली. बार्शी आणि पुणे ही तिच्या केंद्रांपैकी दोन. जवळपास पाच हजार मुली एका डोसावरच राहिल्या. दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसले की एक डोसही दोन-तीन डोसांइतकेच संरक्षण देतो. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे म्हटले, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. तीन डोसांचा खर्च एकावर आणण्याला ज्यांच्या बंदीचा नकळत हातभार लागला, त्यांचा सत्कार अजून कोणी केलेला नाही. तो तुम्ही करा.