१४ फेब्रुवारीला फाशी? मग ३ मार्चचं पत्र कोणी लिहिलं?

फेब्रुवारी उजाडला की तो मजकूर पुन्हा फिरायला लागतो. वर तिरंगा, खाली तीन फोटो आणि मध्ये लाल अक्षरांत: ‘१४ फेब्रुवारी १९३१, पहाटे लाहोरला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. पुस्तकांनी हे लपवलं. व्हॅलेंटाइन डे साजरा करणाऱ्यांनो, लाज बाळगा.’ एरवी मी तो न वाचता पुसून टाकतो. यंदा मात्र भाचीने तो शाळेच्या परिपाठात ‘आजचा दिनविशेष’ म्हणून वाचला आणि टाळ्या घेऊन घरी आली. तिला तो आजोबांनी दिला होता, आजोबांना सोसायटीच्या ग्रुपने. सहावीतल्या पोरीला काय बोलणार? वर्गावरच्या बाईंनीही एकदा तपासला नाही, हे जास्त लागलं. तेव्हा हे पाठवणाऱ्या मोठ्यांसाठी.

‘१४ फेब्रुवारीला फाशी झाली.’ नाही झाली. फाशी झाली २३ मार्च १९३१ रोजी, सोमवारी, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात. यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, भगतसिंगांचं एक पत्र पुरतं. धाकटा भाऊ कुलतार घरच्यांबरोबर तुरुंगात भेटायला आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी बघून भगतसिंगांना राहवलं नाही, आणि त्यांनी त्याला उर्दूत चार ओळी लिहिल्या: धीर धर, शिकत राहा, तब्येतीला जप. पुढे शेरही आहेत. पत्रावर तारीख आहे ३ मार्च १९३१. म्हणजे तुमच्या मजकुरानुसार फाशी होऊन सतरा दिवस झाल्यावर भगतसिंग भावाची समजूत काढत होते! या एका पत्रासमोर तो मजकूर उभा राहत नाही. पण पत्र वाचायला दोन मिनिटं लागतात आणि पुढे ढकलायला एक बोट.

आणि ‘पहाटे’ हा शब्द तर कळस आहे. त्या फाशीत काही विपरीत घडलं असेल तर ते वेळेचंच. फाशी ठरली होती २४ मार्चच्या सकाळची. लोक जमतील या धास्तीने सरकारने ती अलीकडे ओढली आणि २३ च्या संध्याकाळी, सातच्या सुमारास, तिघांना फासावर चढवलं. घरच्यांची शेवटची भेटही झाली नाही. मृतदेह नातेवाइकांना दिले नाहीत. रातोरात फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी नेऊन घाईघाईने जाळले. हुसैनीवालाचं स्मारक त्याच भागात आहे. फाळणीत ती जागा पाकिस्तानात गेली होती, १९६१ साली भारताने बारा गावं देऊन ती परत घेतली. पुढे १९६५ मध्ये असेंब्लीत भगतसिंगांबरोबर बॉम्ब टाकणारे बटुकेश्वर दत्त गेले, त्यांचे अंत्यसंस्कारही त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथेच झाले. ‘पुस्तकांनी लपवलेलं’ काही सांगायचंच होतं, तर हे सांगायचं. सरकार इतकं घाबरलं होतं की स्वतःच ठरवलेल्या सकाळपर्यंतही थांबलं नाही. तुमची ‘पहाट’ नेमकं तेच पुसून टाकते.

दुसरी आवृत्ती जरा सावध असते: ‘१४ फेब्रुवारीला शिक्षा सुनावली.’ तेही नाही. शिक्षा झाली ७ ऑक्टोबर १९३० रोजी. व्हाइसरॉय आयर्विनने १ मे १९३० ला वटहुकूम काढून लाहोर कटाच्या खटल्यासाठी तीन न्यायाधीशांचं खास न्यायमंडळ बसवलं होतं, हायकोर्टात अपिलाची सोयच ठेवली नव्हती. फाशीची तारीखही २७ ऑक्टोबर लावून झाली होती. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाकडे, अर्ज गेला म्हणून ती लांबली. फेब्रुवारी १९३१ मध्ये तो अर्जही फेटाळला गेला.

आता एक गोष्ट कबूल करावी लागते, नाइलाजाने. १४ फेब्रुवारी १९३१ या तारखेचा या खटल्याशी संबंध आहे. त्या दिवशी पंडित मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉयकडे फाशी रद्द करून जन्मठेप द्यावी अशी विनंती केली. बहुधा तिथूनच कोणीतरी ही तारीख उचलली असावी. पण जीव वाचवायला केलेल्या अर्जाचा दिवस आणि जीव घेतल्याचा दिवस, यात काही फरक असतो की नाही?

‘त्याच दिवशी गांधींनी एक सही केली असती तर तिघे वाचले असते.’ कसली सही? कुठल्या कागदावर? गांधी-आयर्विन बोलणी सुरूच झाली १७ फेब्रुवारीला आणि करार झाला ५ मार्चला. शिक्षा कमी करायचा अधिकार आयर्विनचा होता. गांधींनी पुरेसा जोर लावला नाही, हा आरोप मात्र आजचा नाही. मार्चअखेर काँग्रेसच्या कराची अधिवेशनाला जाताना तरुणांनी त्यांना काळी फुलं दिली होती. त्यावर जरूर भांडा, भांडण्यासारखंच आहे ते. पण २३ मार्चच्या सकाळी त्यांनी आयर्विनला फाशी थांबवा म्हणून पत्र लिहिलं होतं, तेही समोर ठेवून भांडा.

‘इंग्रजांनी हा दिवस झाकायला व्हॅलेंटाइन डे आणला.’ संत व्हॅलेंटाइनचा दिवस युरोपात कित्येक शतकं जुना आहे, आणि आपल्याकडची गुलाब-ग्रीटिंगची लाट नव्वदच्या दशकातली. तोवर इंग्रजांना जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. पुढे. काही जण आता यात पुलवामाही मिसळतात. २०१९ च्या १४ फेब्रुवारीला सीआरपीएफचे ४० जवान गेले, ते दुःख खरं आहे. त्याला खोट्या तारखेचा टेकू कशाला?

आणि हा मजकूर मराठीत आहे, मराठी ग्रुपवर फिरतोय, तरी राजगुरूंबद्दल त्यात नावापलीकडे एक शब्द नाही. शिवराम हरी राजगुरू, जन्म २४ ऑगस्ट १९०८, पुणे जिल्ह्यातलं भीमाकाठचं खेड. आज त्या गावाचं नावच राजगुरूनगर आहे. त्यांना पकडलं तेही पुण्यात, ३० सप्टेंबर १९२९ ला. पुण्याहून तासा-दीड तासाच्या वाटेवर त्यांचा वाडा आहे. सोसायटीच्या ग्रुपमधल्या किती जणांनी तो पाहिलाय, हे मी त्याच ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल एकाने पुन्हा तोच मजकूर टाकला.