क्रॅशचा दोष थेट जेव्हीएमवर नको

जेव्हीएम (जावाचे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) अचानक बंद पडण्यावरचा लेख आवडला, पण "जेव्हीएम क्रॅश झाली की जावाची आवृत्ती बदला" हा सल्ला पटला नाही. मरताना हॉटस्पॉट ही नेहमीची जेव्हीएम 'एचएस-एरर-पीआयडी' नावाने सुरू होणारी फाइल लिहून जाते. तिच्या अगदी वरच 'प्रॉब्लेमॅटिक फ्रेम', म्हणजे क्रॅश नेमका कुठे झाला ते सांगणारी ओळ असते. त्या ओळीच्या सुरुवातीला 'सी' असेल तर पडझड नेटिव्ह कोडमध्ये (सी-सारख्या भाषेतल्या, जावाबाहेरच्या कोडमध्ये), 'व्ही' असेल तर खुद्द व्हीएममध्ये आणि मोठा 'जे' असेल तर कंपाइल झालेल्या जावा कोडमध्ये. एवढं बघितल्याशिवाय आवृत्तीला हात लावू नये. नागपुरात आम्ही कळमना भागातल्या अडत्यांचं बिलिंग सांभाळतो. तिथे सिगसेग्व्ही (मेमरीत नको तिथे हात घातल्याची चूक) आला की सगळे जावाला नावं ठेवायचे. फाइल उघडली तर 'सी'पुढे वजनकाट्याच्या लायब्ररीचं नाव स्वच्छ लिहिलेलं! जावा बदलून काय होणार होतं?

दुसरं म्हणजे, ही फाइल मुळात हाती लागायला हवी, त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. ती सहसा प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत पडते. तिथे लिहिता आलं नाही तर टेम्प डिरेक्टरीत. कंटेनर (ॲप ज्यात चालतं ती वेगळी, तात्पुरती पेटी) नव्याने उभा राहिला की दोन्ही गेलं. म्हणून 'एररफाइल' पर्यायाने टिकणाऱ्या व्हॉल्यूमचा (कंटेनरबाहेरच्या साठवणीचा) पत्ता द्यावाच. आणि ही फाइल लिहिताना पुन्हा गडबड झाली तरी हॉटस्पॉट तेवढा भाग सोडून पुढचा लिहायला घेतं, त्यामुळे अर्धवट दिसणारी फाइलही कृपया फेकू नका, बग नोंदवताना तीच जोडा.