‘सहापैकी सहा’चा अर्धवट हिशेब

एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद निघाला की एक मेसेज हमखास फिरतो : ‘फायनलमध्ये मायकेल जॉर्डन ६-०, लेब्रॉन जेम्स ४-६. जॉर्डन एकही फायनल हरला नाही. रिंग्ज (विजेतेपदाच्या अंगठ्या) हाच खरा निकष. आणि त्या त्याने एकट्याच्या जिवावर मिळवल्या. विषय संपला.’

माझ्या यादीतही जॉर्डनच पहिला आहे, पण या तीन कारणांसाठी नाही.

एकही फायनल हरला नाही, हे खरंच. पण जॉर्डन शिकागोकडून १३ मोसम खेळला. उरलेल्या सात मोसमांत तो फायनलपर्यंत पोहोचलाच नाही. १९८५, ८६ आणि ८७ मध्ये तर प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत बाहेर. १९८६ मध्ये बोस्टनविरुद्ध त्याने एका सामन्यात ६३ गुण केले, तरी शिकागोने मालिका ३-० अशी गमावली. त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवत नाही, ठेवूही नयेत. मग २०१५ ची फायनल हरलेल्या लेब्रॉनला वेगळा न्याय का? त्याचे साथीदार, लव्ह आधीच जखमी, अर्व्हिंग पहिल्या सामन्यानंतर बाहेर. तरी सरासरी ३५ च्या वर गुण करत त्याने गोल्डन स्टेटला सहाव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. मेसेजच्या हिशेबाने तो पहिल्याच फेरीत हरला असता, तर त्याची कामगिरी जास्त चांगली ठरली असती! २०११ ची डॅलसविरुद्धची फायनल मात्र त्याच्या पदरात खुशाल घाला. वेड आणि बॉशसारखे तारे सोबत असून सरासरी १८ गुणही नाहीत, याला सबब नाही.

रिंग्जच मोजायच्या तर रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त. बिल रसेलकडे १३ मोसमांत ११. पण रसेलचं नाव काढलं की हीच मंडळी ‘तेव्हा संघच किती होते’ म्हणतात. म्हणजे निकष आपल्या माणसापुरताच. जेरी वेस्ट नऊ फायनल खेळला आणि एकच जिंकला. पण १९६९ मध्ये हरलेल्या संघात असूनही फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच ठरला. तसं पुन्हा कधी घडलेलं नाही.

‘एकट्याच्या जिवावर’बद्दल फार बोलायची गरज नाही. साथीदार स्कॉटी पिपेन संघात येईपर्यंत जॉर्डनने प्लेऑफची एकही मालिका जिंकली नव्हती. जॉर्डन निवृत्त झाल्यावर १९९३-९४ मध्ये शिकागोने ५५ सामने जिंकले. आदल्या वर्षी, तो असताना, ५७.

जॉर्डनची बाजूच मांडायची तर १९८७-८८ चा मोसम काढा. सर्वाधिक गुण त्याचे, एमव्हीपी तोच आणि सर्वोत्तम बचावपटूही तोच. एकाच माणसाने दोन्ही टोकांना मैदान असं ताब्यात ठेवलेलं क्वचितच दिसतं. त्या वर्षी डेट्रॉइटने शिकागोला दुसऱ्याच फेरीत घरी पाठवलं, त्यामुळे ६-० मध्ये हा मोसम कुठेच दिसत नाही.