गीज हलवायचेत? आधी पायात कडी घाला, म्हणजे परत आलेले ओळखता येतील

आधी जून उजाडू द्या. एप्रिलमधे तुमच्या पार्कच्या रस्त्यावर कॅनडा गूज, म्हणजे उत्तर अमेरिकेतला मोठा रानहंस (एक असला तर गूज, जास्त असले तर गीज), मान लांब करून फिस्कारत अंगावर येतो तेव्हा त्याला तिथेच पकडून ट्रकमधे कोंबावंसं वाटणार, पण तेव्हा तो उडतो आणि तुम्ही उडत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. जूनच्या मध्यापासून मात्र त्यांची उडायची सगळी पिसं एकदमच गळतात, नवी यायला महिनाभर तरी लागतो, पिल्लांना अजून उडता येत नाही, म्हणजे अख्खं खानदान पायी. वर्षातली ही एकच वेळ जेव्हा कायाक, जाळीची फाटकं आणि दहा-बारा पगारी माणसं मिळून एका पक्ष्याला हरवू शकतात.

त्याआधी कागदपत्रं. १९१६ साली अमेरिकेने आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटनने स्थलांतरित पक्ष्यांचा करार केला, १९१८ मधे अमेरिकेत त्याचा कायदा झाला आणि तेव्हापासून तुमच्या गाडीच्या बॉनेटवर घाण करणाऱ्या त्या पक्ष्याला दोन देशांचं संरक्षण आहे. तुम्हाला तसलं काही नाही. २००६ पासून अमेरिकेत स्थलांतर न करता इथेच राहणाऱ्या गीजपुरती एक सवलत आहे, नाव नोंदवून अंड्यांना मक्याचं तेल चोपडता येतं. कवचाची छिद्रं बंद होतात, पिल्लू होत नाही आणि मादी बिचारी बसून राहते. आधी अंडं पाण्यात टाकून बघायचं, तरंगलं तर आत पिल्लू बरंच वाढलंय, मुकाट परत ठेवायचं. उपाय स्वस्त आहे, चालतोही, त्यामुळे पार्कच्या कमिटीत कोणी त्याचा फोटो छापणार नाही. सोडून द्या.

मीटिंगमधे कोणी इतिहास काढला तर विषय बदला. कारण हे गीज आगंतुक वगैरे काही नाहीत. पूर्वी शिकारी लोक पाळीव गीज बांधून ठेवायचे, त्यांच्या आवाजाला भुलून जंगली खाली उतरायचे. १९३५ मधे अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि असे कितीतरी पाळलेले कळप मोकळे सुटले, ज्यांना स्थलांतर म्हणजे काय हे कधी कोणी शिकवलंच नव्हतं. त्यातली सगळ्यात थोराड उपजात तर नामशेष झाली असंच लोक धरून चालले होते, आणि १९६२ मधे हॅरल्ड हॅन्सन नावाच्या शास्त्रज्ञाला ती सापडली कुठे, तर मिनेसोटातल्या रॉचेस्टर शहरात, सिल्व्हर लेकवर, जिथे वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे तळं हिवाळ्यातही गोठत नव्हतं. केवढा आनंद! मग पुढची कित्येक वर्षं राज्याराज्यांनी ते वाढवले, गाडीत घातले, नव्या तळ्यांवर नेऊन सोडले. थोडक्यात तुम्ही जे हलवायला निघालात त्यांचे आजी-आजोबा सरकारी खर्चाने हलवूनच आणलेले असू शकतात आणि ती योजना बघायला गेलं तर भलतीच यशस्वी झाली.

आता बँडिंग, म्हणजे पायात कडी घालणं. हा या कामाचा खरा गाभा, इथे कंजूषी नको. ॲल्युमिनियमची कडी, तिच्यावर नऊ आकडी नंबर, पक्कडीने बंद करायची, पायावर सैल फिरली पाहिजे पण घसरून पडता कामा नये. उत्तर अमेरिकेतल्या या सगळ्या नंबरांचा हिशोब मेरिलँडमधली बर्ड बँडिंग लॅबोरेटरी १९२० पासून ठेवते, आणि खरं सांगतो, असा शंभर वर्षांचा हिशोब माणसांच्याही बाबतीत फार ठिकाणी मिळणार नाही. नर की मादी हेही लिहायचं असतं. दिसायला दोघं सारखेच, त्यामुळे पक्षी उलटा धरून शेपटीखाली बोटांनी उघडून बघावं लागतं, पक्ष्याला हे आवडत नाही आणि तो ते त्याच जागेवरून तत्काळ व्यक्त करतो. या कामासाठी नवा इंटर्न घ्या. महापौर फोटोला येणार असतील तर त्यांच्या हातात पिल्लू द्या, पण त्याचं तोंड त्यांच्याकडे राहील असं बघा.

कडीवर भागलं नाही तर गळ्यात प्लॅस्टिकचा पट्टा घाला, मोठी अक्षरं असतात, दुर्बिणीतून लांबूनच वाचता येतात. जीपीएसवाला पट्टा मिळाला, सौरऊर्जेवर चालणारा, तर सोन्याहून पिवळं. याने गीज कमी होत नाहीत पण तक्रारींचा दर्जा फार सुधारतो. पूर्वी लोक नुसतंच 'एक गूज चावायला आला' म्हणायचे, आता नंबर सांगतात.

मग ट्रक. किती लांब न्यायचं हा प्रश्न सगळे विचारतात, त्याचं उत्तर असं की ड्रायव्हरला ओव्हरटाइम मिळेल इतकं लांब न्या, गूजला फरक पडत नाही. मोठ्यांना घर माहीत असतं, पिसं आली की त्यातले बरेचसे निघतात आणि ये रे माझ्या मागल्या. पिल्लांचं वेगळं, ती जिथे उडायला शिकतात त्या जागेला आपली मानतात, त्यामुळे फक्त पिल्लं हलवली तर ती नव्या जागी टिकायची शक्यता बरीच जास्त. पण आई-बापांपासून पिल्लं तोडताना शेजारचे लोक मोबाइल घेऊन उभे राहणार, संध्याकाळपर्यंत तुमचा चेहरा सगळीकडे. तेव्हा माणुसकी दाखवा, कुटुंब एकत्र हलवा. गीजचं कुटुंब पहिला हिवाळाभर एकत्रच असतं, आई-बाप पिल्लांना रस्ता बरोबर दाखवतील.

आणि जिथे नेऊन सोडता तिथेही तळं आहे, तळ्याभोवती माणसं आहेत, माणसांची कमिटी आहे. त्यांच्याकडेही ट्रक असतो हे विसरू नका.

समजा नशिबाने तुमचे परत आले नाहीत, तरी पुढच्या वसंतात दुसरे येतील, बिनकडीचे. तेव्हा हमखास एक आगाऊ माणूस उठून गवताबद्दल बोलेल. त्याला बोलू देऊ नका. तो म्हणेल की गूजला काय हवं असतं, तर आखूड, कोवळं, खत घातलेलं गवत, ते थेट पाण्यापर्यंत उतरलेलं, म्हणजे चरता चरता कोल्हा-कोयोट दिसला तर पिल्लांसकट दोन पावलांत पाण्यात, आणि आपण नेमकं हेच करून ठेवलंय, पगारी माळी लावून, आठवड्याला मशीन फिरवून. काठाला उंच गवताचा आणि झुडपांचा रुंद पट्टा वाढू दिला तर त्यात काय दडलंय हे त्यांना दिसत नाही, चालत पाण्याशी जाताना धाकधूक वाटते आणि पुष्कळसे दुसरीकडे बस्तान हलवतात. मुद्दा बिनतोड आहे म्हणूनच घातक आहे. पट्टा वाढवायचा म्हणजे मशीन कमी फिरवायची, म्हणजे काठ 'अस्वच्छ' दिसणार, म्हणजे समोरच्या घरांतून पाणी दिसणार नाही, म्हणजे घरांच्या किमतीवर चर्चा, आणि ती चर्चा गीजच्या चर्चेपेक्षा तीनपट लांबते. शिवाय उंच गवताला कडी घालता येत नाही, नंबर देता येत नाही, नकाशावर लाल ठिपका येत नाही. अहवालात लिहिणार काय?

अहवाल मात्र दांडगा होतो. आधी तुम्हाला नुसती शंका असायची की परत आलेले तेच गीज आहेत, आता खात्री असते, पुराव्यासकट, कोणत्या तारखेला कोणत्या बाकाखाली. माहिती मिळाली म्हणजे ती वापरायलाच हवी असा काही नियम नाही. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमधे गीज इंजिनात घुसून विमान हडसन नदीत उतरवावं लागलं, स्मिथसोनियन संग्रहालयाच्या लोकांनी पिसांच्या तुकड्यांतले आयसोटोप (पक्षी कुठल्या भागातला ते सांगणारे अणूंचे प्रकार) तपासून सांगितलं की हे शहरातले नाहीत, कॅनडातल्या लॅब्राडॉरकडून आलेले पाहुणे आहेत. त्याच उन्हाळ्यात शहराने शहरातले हजारावर गीज पकडून मारले.

कडीचं पुढे काय होतं तेही सांगतो. बरेचसे नंबर परत कळतात ते शिकाऱ्यांकडून. लॅबोरेटरीच्या वेबसाइटवर नंबर टाकला की पक्ष्याला कडी कुठे आणि कधी घातली ते कळतं, वर एक प्रशस्तिपत्र येतं, आणि कडी शिकाऱ्याच्या गळ्यातल्या दोरीत जाते, तिथे जितक्या जास्त तितका मान. म्हणजे तुम्ही संशोधनासाठी घातलेली कडी हा त्यांच्या दृष्टीने दागिना, गूजसकट फुकट पोचवलेला. ऑन्टारिओतल्या किंग्सव्हिलचा जॅक मायनर १९०९ पासून पक्ष्यांना कडी घालत होता, पुढे तो त्यावर बायबलमधली वचनं ठोकायला लागला, तेव्हा ज्याने पाडला त्याच्या हातात निदान चार शब्द उपदेशाचे तरी यायचे. तुमच्या कडीवर नुसता नंबर.

शेवटी मुदतीचं तेवढं बघा. ओहायोमधे १९६९ साली कडी घातलेली एक मादी ऑन्टारिओत २००१ मधे गोळी लागून मेली तेव्हा तिचं वय कमीत कमी ३३ वर्षं होतं. तेव्हा अनुदानाच्या अर्जात प्रकल्पाचा कालावधी या रकान्यात तीन वर्षं असलं काहीतरी किरकोळ लिहून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका.