भायर येयपर्यंत भर

काल संध्याकाळी आमच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, एका जेटस्कीच्या (पाण्यावरच्या स्कूटरच्या) मधल्या बेअरिंगचं ऑइल सील, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, हाउसिंगमधून उडून बाहेर आलं. त्याचा ओठ उलटा झाला होता आणि आतली बारीक गोल स्प्रिंग लोंबत होती. ते मी टाकून दिलेलं नाही. पुरावा म्हणून ठेवलंय. मात्र दाद कोणाकडे मागायची, ते ठरत नाही.

26 मे ते 31 ऑगस्ट आमच्या किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्स बंद, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीही बंद. म्हणजे ज्या आठवड्यात माझं जेटस्की दुरुस्तीचं काम सुरू होतं, त्याच आठवड्यात ट्रॉलरवाल्या तात्यांचं संपतं. ट्रॉलर ओढून वर घेतला, ताडपत्री घातली की तात्या मोकळे. मोकळा तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि उघडा मांगर यांच्यात अंतर फार नसतं.

तात्या आले तेव्हा मी ग्रीसगन घेऊन वाकलो होतो. तिचा दांडा एकदा दाबला की थोडं ग्रीस आत जातं.

"कितके दांडे मारतंस?"

"सहा-सात."

"सहा?" सोयऱ्यांना अर्धी वाटी सोलकढी वाढल्यावर माणूस ज्या नजरेने बघेल, तसं तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "रे, ह्येका ग्रीस भरणा म्हणत नाय. ह्येका पावडर लावणा म्हणतत."

"तात्या, आत जागाच तेवढी आहे."

"भरूक घेतलंस की जागा गावता."

"दोन्ही बाजूंना सील आहेत. जास्त झालं तर सील बाहेर पडेल."

"माझ्या ट्रॉलराक पंचवीस वर्सां झाली. भायर येयपर्यंत भरतंय. शाफ्ट अजून तोच हा."

त्यावर चहा प्यायला थांबलेल्या दोघांनी माना हलवल्या. त्यांतला एक गुरांच्या दवाखान्यात कामाला आहे, दुसरा काय करतो ते गावाला अजून कळलेलं नाही. तरी बहुमत झालं. तेवढ्यात पार्टवाल्याचा फोन आला. मांगरात रेंज येत नाही, म्हणून मी माडाखाली गेलो. "मागच्या महिन्यात ऑर्डर दिलेलं किट मुंबईत आलंय, पण मुंबईतून निघालेलं नाही," हे वाक्य तो निरनिराळ्या प्रकारे सांगत होता. परत आलो तर ग्रीसगन तात्यांच्या हातात, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर नातवाला पोटभर जेवू घातल्याचं समाधान.

"आता भरला."

भरलं होतंच. पुढून "फट्" असा आवाज आला आणि सील शाफ्टवर येऊन बसलं. त्याच्यामागून पांढरंशुभ्र ग्रीस, सावकाश, शेवयांसारखं.

मी काही बोलायच्या आत तात्यांनी निकाल दिला. "सील वायटच होतो. बरो असतो तर टिकलो असतो. माझ्यामुळे तुका आताच कळला, नायतर दर्यात कळला असता."

मी आभार मानावेत म्हणून ते थोडा वेळ थांबलेही.

आता तात्यांची बाजूही मांडतो, कारण ट्रॉलरपुरते ते शंभर टक्के बरोबर आहेत. ट्रॉलरचा शाफ्ट गिअरबॉक्समधून येतो आणि मिनिटाला काही शे फेऱ्यांनी फिरतो. शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीच्या, म्हणजे स्टर्न ट्यूबच्या, आतल्या तोंडाशी ग्लँड असतो, त्यात ग्रीस किंवा ग्रॅफाइट लावलेली दोरी. ग्लँडचा नट असा आवळायचा की बोट चालू असताना थेंब थेंब पाणी गळलं पाहिजे. अगदी कोरडा केला तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. ग्रीस जास्त झालं तर बाहेरच्या तोंडाने दर्यात जातं. तिथे "भायर येयपर्यंत भर" हा उत्तम नियम आहे, कारण तिथे भायर जायला वाट आहे.

जेटस्कीत ती वाट नाही. इंजिनाचा शाफ्ट गिअरबॉक्सशिवाय थेट मागच्या, पाणी मागे फेकून यंत्र पुढे ढकलणाऱ्या पंपापर्यंत जातो, आणि पूर्ण रेसवर मिनिटाला सात हजारांच्या वर फेऱ्या होतात. मध्ये, हलमधून (बोटीच्या कवचातून) शाफ्ट बाहेर पडतो तिथे, एक हाउसिंग असतं. त्यात बेअरिंग, दोन्हीकडे सील, आणि ग्रीस घालायचं तोंड, म्हणजे निपल. ओठाचं साधं सील अर्ध्या बारच्या आसपासचा दाब धरतं. हाताने दाबायची ग्रीसगन शेकडो बार दाब देते. या कुस्तीत सीलने काय करावं अशी तात्यांची अपेक्षा होती, ते त्यांनाच ठाऊक. शिवाय सील टिकलं असतं तरी गच्च भरलेलं ग्रीस त्या वेगाला नुसतं घुसळत राहतं, तापतं, फुगतं आणि पातळ होतं. पोकळीत मोकळी जागा राहिलीच पाहिजे.

किती घालायचं हे मॅन्युअलमध्ये घनसेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं आणि मॉडेलनुसार बदलतं. दांड्यांत मोजणं हा आपला शॉर्टकट. बहुतेक हातगन एका दांड्याला ग्रॅमभर ग्रीस देतात, पण गनागनात फरक पडतो. म्हणून कागदावर दहा दांडे मारायचे आणि सोनाराच्या नाही तरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचे. गनवर आकडा मार्करने लिहून टाकायचा. दांडाही सावकाश दाबायचा, दोन दाबांच्या मध्ये शाफ्ट हाताने फिरवायचा, आणि हाताला जड लागलं की तिथेच थांबायचं.

ग्रीस घालायचं ते हंगाम संपताना. सप्टेंबरात घालू म्हणणारे मालक मला दरवर्षी भेटतात. अरे बाबांनो, आत शिरलेलं खारं पाणी तीन महिने बेअरिंगच्या गोळ्यांवर बसून राहणार, मग सप्टेंबरात घातलेलं ग्रीस काय गंजावर साय धरायला? आणि हे पाणी शिरतं कसं, तेही कोणी विचारत नाही. पंप चालून तापतो, आतली हवा फुगते. मग स्कूटर उथळ पाण्यात उभी राहते, पंप झटक्यात गार होतो, आतली हवा आकसते आणि ओठाच्या फटीतून पाणी ओढून घेते. असं रोज होतं. सील नवं असेल तर फट नसते. ओठाखाली तंगूस अडकलेला असेल तर असते.

तंगूस! फेकलेल्या जाळ्यांचा, गरीच्या दोऱ्यांचा नायलॉन. पाणी आत ओढणाऱ्या इनटेकच्या जाळीतून आत जातो, शाफ्टला गुंडाळतो, तापून चिकटतो आणि सरळ सीलच्या ओठात शिरतो. मी वर्षभरात पंपांतून काढलेला तंगूस जोडला तर त्यावर बांगडे पकडता येतील. हा तंगूस कोणाच्या बोटीवरून पडतो, हे मी तात्यांना विचारलं नाही. सीलवरून आधीच वातावरण तापलं होतं.

मागच्या पंपाचा प्रकार निराळा. तिथे इंपेलरचा (पाणी फेकणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट स्टेटरमधल्या (पंपाच्या न फिरणाऱ्या भागातल्या) दोन बेअरिंगांवर फिरतो. इंपेलरच्या बाजूला सील आणि मागे शंकूच्या आकाराची टोपी, ओ-रिंगसकट. बऱ्याच यंत्रांना इथे निपलच नसतं, जुन्या काहींत ग्रीसऐवजी गिअर ऑइल असतं. टोपी काढून बोट घालायचं. ग्रीस जसं घातलं तसं निघालं तर छान. दुधाळ निघालं तर पाणी आलंय, मग बेअरिंग कितीही गुळगुळीत फिरो, सील आणि बेअरिंग दोन्ही बदलायची. कानाने ओळखायचं तर रेस दिल्यावर शिट्टीसारखा बारीक सूर येतो. त्याकडे दुर्लक्ष केलं की शाफ्ट डुलायला लागतो, इंपेलरची पाती भोवतालच्या वेअर रिंगला घासतात आणि फट वाढते. ती फट फीलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापाने) मोजतात. चांगल्या पंपात ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. वाढली की इंजिन बोंबलतं आणि स्कूटर जागची हलत नाही. मग मालक म्हणतो, "इंजिन बघ जरा."

बेअरिंग बसवताना एकच गोष्ट पाळा. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर दाब, हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलटं केलंत तर सगळा जोर गोळ्यांतून जातो, कड्याला खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरतं. हातोड्याचं तर नाव नको. हाउसिंग शंभर अंशांच्या आत गरम करायचं आणि बेअरिंग आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे ते हाताने आत सरकतं. घरच्या फ्रीझरमध्ये सुरमईशेजारी ते ठेवलं की काय ऐकावं लागतं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इंपेलर खोलण्याआधी मॅन्युअल बघा, काही कंपन्यांचे आटे उलटे असतात. सील घालताना स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचंय त्याच्याकडे करायची, ओठांच्या मध्ये ग्रीस भरायचं आणि शाफ्टच्या धारदार दातांवर (स्प्लाइनवर) टेप गुंडाळूनच शाफ्ट सरकवायचा. नाहीतर नवंकोरं सील बसवतानाच कापलं जातं.

दुकानदार "सील्ड बेअरिंग घ्या, जास्त चांगलं" म्हणतो, त्यालाही भुलू नका. निपलवाल्या हाउसिंगमध्ये दोन्हीकडून रबर असलेलं बेअरिंग घातलं तर बाहेरचं ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही. ग्रीसही पाण्याला टिकणारं हवं. कॅल्शियम सल्फोनेटचं उत्तम. सोडियम साबणाचं ग्रीस पाण्यात विरघळतं. दोन जातींचं एकत्र केलं तर दोन्ही चांगली असूनही पातळ होऊन वाहू शकतं.

हे सगळं जिथून सुरू झालं त्या न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननी 1950च्या दशकात उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी जेट बोट घडवली. 1977 मध्ये एडमंड हिलरी तशाच तीन बोटी घेऊन गंगासागरहून गंगेत उलटे चढत गेले, ते थेट नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत. हॅमिल्टन जेटच्या अनेक मॉडेलांत मागचं बेअरिंग चक्क पाण्यानेच वंगण घेतं. त्याला ग्रीस नको, फक्त कोरडं चालवायचं नाही. हे मी तात्यांना कौतुकाने सांगितलं.

"मगे तू ग्रीस घालतंस कित्याक?" तात्या म्हणाले.

दवाखान्यातल्याने पुन्हा मान हलवली.

आता त्या एका सीलसाठी पंप उतरवायचा, शाफ्ट मागे ओढायचा, हाउसिंगचे बोल्ट काढायचे, आणि परत बसवताना इंजिनाशी सरळ रेषेत आणायचं. सील स्वस्त आहे, मजुरी नाही. मालक म्हणतो, तुझ्या मांगरात झालं, तू बघ. तात्या म्हणतात, सील वाईट होतं. पार्टवाला म्हणतो, मुंबईत आलंय. तोवर उघड्या हाउसिंगवर ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळून ठेवलंय, आणि ग्रीसगन कपाटात कुलुपात आहे. तात्या आज सकाळी येऊन कपाटाकडे बघून गेले. बिजागऱ्या करकरतात म्हणे.