स्टोरी पॉइंटवर माणसं मोजणं थांबवा

‘जुनी पद्धत विरुद्ध अ‍ॅजाइल’ असा दोन रकान्यांचा एक तक्ता सध्या फिरतोय. या सॉफ्टवेअर बनवण्याच्या दोन पद्धती: वॉटरफॉलमध्ये सगळं आधी ठरवून एकेक पायरी क्रमाने पूर्ण करतात, अ‍ॅजाइलमध्ये छोट्या टप्प्यांत बनवत आणि बदलत जातात. डावीकडे वॉटरफॉलचे दोष, उजवीकडे अ‍ॅजाइलचे फायदे, एकूण पाच ओळी. असले तक्ते मी एरवी वाचून सोडून देते. पण हा माझ्या धाकट्या बहिणीच्या टीम लीडने त्यांच्या ग्रुपवर टाकला आणि त्यातल्या चौथ्या ओळीचा आधार घेऊन तिला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुझे पॉइंट बाकीच्यांपेक्षा कमी का?’ ती त्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या ठरलेल्या टप्प्यात, दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून देत होती, म्हणून कमी. तिची नोकरी नवी आहे. ती काही बोलली नाही.

म्हणून चौथी ओळ आधी. ‘स्टोरी पॉइंटमुळे प्रत्येकाचं काम मोजता येतं, आणि व्हेलॉसिटी दर स्प्रिंटला वाढलीच पाहिजे.’ यातला एकही भाग खरा नाही.

स्टोरी पॉइंट हा अंदाज असतो. हे काम त्या कामाच्या मानाने किती मोठं, किती गुंतागुंतीचं, एवढंच तो सांगतो, तेही त्या एका टीमने आपसांत ठरवलेल्या मापात. एका टीमचे पाच म्हणजे दुसऱ्या टीमचे तेरा असू शकतात, त्यामुळे दोन टीमची तुलनासुद्धा करता येत नाही. व्हेलॉसिटी म्हणजे प्रत्येक स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या कामांच्या या अंदाजांची बेरीज. पुढच्या स्प्रिंटमध्ये साधारण किती काम घ्यावं हे टीमने ठरवायला ती बरी पडते. तिचा उपयोग तिथे संपतो.

हाच आकडा माणसाच्या नावापुढे लिहिला की काय होतं, हे अशा टीममध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा. कालपर्यंत तीनचं असलेलं काम आज पाचचं होतं. रिव्ह्यूला, म्हणजे एकमेकांचा कोड तपासायला, पॉइंट नाहीत, म्हणून रिव्ह्यू वरवर उरकले जातात. अडलेल्या सहकाऱ्याशेजारी बसायला कुणाला वेळ नसतो. टेस्ट पुढच्या स्प्रिंटवर ढकलल्या जातात, जुना गुंता तसाच राहतो, आणि जो माणूस तो निस्तरायला बसतो तोच कामचुकार ठरतो. आलेख मात्र वर चढत राहतो. वापरणाऱ्याच्या हातात आधीइतकंच पडतं, फक्त बग जास्त.

आणि हे अ‍ॅजाइलच्या नावावर खपवलं जातं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या सतरा जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याला जोडलेली बारा तत्त्वं कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. सातवं तत्त्व सांगतं, चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप. आठवं सांगतं, पैसे घालणारे, बनवणारे आणि वापरणारे या सगळ्यांना एकच गती कितीही काळ टिकवता आली पाहिजे. दर स्प्रिंटला वाढणारी गती यात कुठे बसते? पाचवं तत्त्व तर उमेदीची माणसं घ्या, त्यांना हवं ते द्या आणि काम पार पाडतील असा विश्वास ठेवा, इतकं स्पष्ट आहे. त्या सतरा जणांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी पुढे लिहिलं की स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले, आणि तसं असेल तर आता त्याचा खेद वाटतो. स्क्रम ही अ‍ॅजाइलने काम करण्याची एक चौकट; तिच्या २०२० च्या अधिकृत मार्गदर्शिकेत, स्क्रम गाइडमध्ये, तर स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही. काम केवढं हे ठरवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्यांचीच, असं मात्र त्यात आहे.

बाकीच्या ओळींना एवढा वेळ द्यायची गरज नाही.

‘अ‍ॅजाइलमध्ये कागदपत्रं लागत नाहीत.’ जाहीरनाम्यात सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलंय, आणि खालीच म्हटलंय की कमी मोलाच्या मानलेल्या गोष्टींनाही किंमत आहे. ते वाक्य तक्ता बनवणाऱ्याने वाचलेलं दिसत नाही. निर्णय का घेतला हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर टीम सोडून गेलेल्या माणसाबरोबर ते कारणही जातं.

‘गिऱ्हाईक कधीही काहीही बदलू शकतं.’ यात अर्धं खरं आहे, मान्य. उशिरा आलेल्या बदलांचंही स्वागत करा, हे दुसरं तत्त्वच आहे. पण स्क्रममध्ये चालू स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल करता येत नाही. नवीन काम आत आलं तर त्या वजनाचं जुनं बाहेर जातं, आणि ते कोणतं हे प्रॉडक्ट ओनरशी, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्याशी, बोलून ठरतं. ‘हेही करा, तेही करा, तारीख तीच’ याला अ‍ॅजाइल म्हणू नका.

‘वॉटरफॉल विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये शोधला.’ रॉइस हे अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञ; त्यांच्या १९७० च्या निबंधात वॉटरफॉल हा शब्द नाही. पायऱ्यापायऱ्यांची ती आकृती आहे, पण लगेच पुढे, हे असंच राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारं आहे, असं ते लिहितात. कारणही देतात: टेस्टिंग शेवटी येतं, आणि प्रोग्रॅम प्रत्यक्षात कसा वागतो हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं. मग मूळ आराखडाच बदलावा लागला, तर वेळ किंवा खर्च दुप्पट होऊ शकतो. त्यांचा एक उपाय होता, आधी छोट्या प्रमाणावर एकदा बनवून बघा. दुसरा, गिऱ्हाइकाला सुरुवातीपासून सामील करून घ्या.

पाचवी ओळ, ‘वॉटरफॉल मेला.’ जिथे दर आठवड्याला रिलीज करता येतं, तिथे सगळं आधी ठरवून ठेवणं तोट्याचं, हे खरं. पण वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीचं आयईसी ६२३०४ हे मानक घ्या. आराखडा, आवश्यकता, पडताळणीच्या नोंदी हे सगळं ते मागतं, आणि तरीही कोणत्या पद्धतीने काम करा याची सक्ती करत नाही. म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करूनही नोंदी चोख ठेवता येतात. तक्त्याला हे दिसत नाही, कारण त्याला दोनच रकाने आहेत.

बहिणीच्या लीडला माझं सांगणं एवढंच. शीटमधला माणशी पॉइंटचा रकाना आज काढून टाका. पुढच्या रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावरच्या आढावा-बैठकीत, गेल्या स्प्रिंटमधलं काय वापरणाऱ्यापर्यंत पोचलं आणि कुणामुळे कुणाचं अडलेलं काम सुटलं, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला माझ्या बहिणीचं नाव तिच्या टीममधलेच लोक घेतील.